तिरोड्याचे धुराडे

धुराड्यातून काळा धूर निघेनासा झाला, की हवा स्वच्छ झाली असे आपण धरून चालतो. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्राबाबत हा हिशेब अर्धाच खरा आहे.

अदाणी पॉवरच्या या केंद्राचा पहिला संच 2012 मध्ये सुरू झाला, पाचवा 2014 मध्ये. प्रत्येक संच 660 मेगावॅटचा, एकूण 3300. तंत्र सुपरक्रिटिकल, म्हणजे दाब इतका की पाणी आणि वाफ असा भेदच उरत नाही. त्यामुळे जुन्या संचांपेक्षा युनिटमागे कोळसा कमी जळतो आणि कर्बवायूही कमी निघतो. उरते राख. आपल्या कोळशात ती तीस-चाळीस टक्के. अशा केंद्रांत धूर विजेने भारलेल्या पत्र्यांमधून नेतात. कण पत्र्यांना चिकटतात, ठोके देऊन ते खाली पाडतात आणि सिमेंटवाले ती राख घेऊन जातात. हे झाले नसते, तर भोवतालच्या धानाच्या बांध्या राखेने भरल्या असत्या.

गंधकाचा वायू मात्र पत्र्याला चिकटत नाही. त्यावरचा जुना सरकारी उपाय म्हणजे उंची. 500 मेगावॅट आणि त्यावरच्या संचांना 275 मीटरचे धुराडे हवे. त्याने वायू कमी होत नाही, दूरवर पांगतो, एवढेच.

तो धुऊन काढता येतो, हे महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिले. ट्रॉम्बेला टाटांनी 1980च्या दशकातच समुद्राच्या पाण्याने धूर धुतला. डहाणूला चिकूच्या बागांसाठी लोक कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 1996 मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याने कंपनीचा पिच्छा सोडला नाही, आणि 2007 मध्ये यंत्रणा बसली.

तिरोड्याला समुद्र नाही. तिथे चुनखडी लागेल, खर्चही मोठा. डिसेंबर 2015च्या केंद्रीय अधिसूचनेने देशभरच्या कोळसा केंद्रांना गंधकाची मर्यादा घातली, दोन वर्षांची मुदत दिली. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. शेवटी जुलै 2025 मध्ये महानगरांपासून आणि प्रदूषित क्षेत्रांपासून दूर असलेल्या बहुतेक केंद्रांना धुराड्याच्या उंचीच्या अटीवर यातून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी, हे त्यामागचे कारण. ते खोटे नाही. पण 3300 मेगावॅटसाठी रोज जळणाऱ्या कोळशाचे ढीग पाहिले, तर थोडे गंधकही थोडे राहत नाही. कंपनी नियम सांगेल तेवढे करते. डहाणूत नियम हलवणारे बागायतदार होते. तिरोड्याच्या धानकऱ्यांसाठी तसे प्राधिकरण कधी नेमले गेले नाही.