कन्हानच्या काठाने सातपुड्यात : अडीच फुटी लोहमार्गाच्या शोधात

कन्हान स्थानकातून आज हावड्याकडे गाड्या धावतात. हा मार्ग मुळात नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटर गेज. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो घेऊन रुंद केला. आजचा धागा मात्र या रुळांविषयी नाही. ज्या नदीने या गावास नाव दिले, तिच्या उगमाच्या दिशेने सातपुड्यात चढले की दुसऱ्याच एका लोहमार्गाच्या खुणा भेटतात.

तो मार्ग नागपूर-छिंदवाडा नॅरो गेजचा. इतवारीहून सावनेर, सौंसर, रामाकोना करीत तो घाट चढे. हिवाळ्यात आम्ही पाच मित्र तंबू घेऊन त्याच्या शोधात निघालो.

येथे एवढी अरुंद गाडी का, हा पहिला प्रश्न. मुख्य मार्गाच्या रुळांतील अंतर 1676 मिलिमीटर. येथे अवघे 762. रूळ जवळ असले की वळणे तीव्र घेता येतात. डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालून जाता येते, भराव कमी लागतो, पूल लहान होतात. थोडक्यात, खर्च वाचतो. 1896-97 व 1899-1900 च्या दुष्काळांनी मध्य प्रांत पोळला होता. धान्य पोहोचवण्यास रेल्वे हवी, ही जाणीव तेव्हा तीव्र झाली. त्याच सुमारास मॅंगनीज आणि पेंच-कन्हान खोऱ्यातील कोळसाही खुणावू लागला. (हे कोळसा क्षेत्र छिंदवाड्याकडचे. आपल्या कन्हान गावाशी त्याची गल्लत अनेकदा होते. दोघांना जोडते ती फक्त नदी.)

डिसेंबर 2015 मध्ये हा मार्ग रुंदीकरणासाठी बंद झाला. सपाटीवर नव्या कामाने जुने बरेचसे पुसले. घाटात मात्र नजर शिकवली की वाट दिसते. पायवाट उगाच चढत-उतरत जाते; रेल्वेची वाट चढ जवळजवळ एकसारखा ठेवते. झुडपांखाली एकाच आकाराची खडी लागली, पुढे ओढ्यावर दगडी मोरी दिसली, की समजावे. अशा एका मोरीवर आम्ही तासभर बसलो. बांधणाऱ्या मजुराचे नाव वा खूण तिच्यावर कोठेही नव्हती.

इंजिने आणि डबे नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयात, 2002 पासून, जपलेले आहेत. पण मार्गाचे वळण संग्रहालयात ठेवता येत नाही. ते जमिनीवरच असते, आणि जमीन रोज बदलते.

रात्री रामाकोन्याजवळ एका शेतकऱ्याच्या परवानगीने संत्र्याच्या बागेच्या बांधावर तंबू ठोकले. शेकोटीपाशी येऊन ते आजोबा म्हणाले, "रूळ सरकारनं नेले, गोटे आमी नेले. तुमी आता काय न्याले आले?"

आम्ही मोजपट्टी आणि वही दाखवली. ते हसले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हांला न सापडलेल्या तीन मोऱ्या दाखवण्यास स्वतः पुढे चालू लागले.