टिंब वर की टिंब खाली?

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी जाम नदीत गोटमार झाली, की पांढुर्ण्यात गणपतीला उरतात जेमतेम तीन दिवस. मागच्या वर्षी याच गडबडीत घरातली भजनांची एक जुनी वही मी संगणकावर उतरवायला घेतली. नोकरीनिमित्त बाहेर असलेल्या मुलांना आपल्या घरच्या चाली हव्या होत्या, आणि त्या चाली पूर्ण येणारी माणसे आता घरात दोनच उरली आहेत. स्वर भरले, ताल भरला, वाजवण्याचे बटण दाबले. स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. "काय वाजवून राहिला बाप्पा हे? हे आपलं भजन नोहे."

काकूंचे बरोबर होते. चाल जिथे खाली उतरून मंद्र पंचमावर टेकते, तिथे संगणक तार पंचमात किंचाळत होता. टाळी जिथे पडायची तिथे खाली आली होती. दोष यंत्राचा नव्हता, मी जे लिहिले तेच ते वाजवत होते. माझे चुकले ते वही वाचण्यात, आणि त्या चुकीमागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

गाणे कागदावर उतरवण्याचा ध्यास आपल्याकडे दोन विष्णूंनी घेतला. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि विद्यार्थ्यांसाठी स्वरलिपीची पुस्तके स्वतः छापून घेतली. १९३१ साली त्यांचे निधन झाल्यावर शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले, आणि त्याच्या परीक्षांबरोबर पलुस्करांची लिपी गावोगाव गेली. दुसरे पंडित विष्णु नारायण भातखंडे, मुंबईचे, पेशाने वकील. घराणेदार उस्तादांकडून बंदिशी मिळवून त्यांनी 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग तयार केले. हे काम मूळ मराठीतले, पण पुढे हाथरसहून त्याचे हिंदी रूप निघाले आणि उत्तरेत तेच घरोघर पोचले. ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय १९१८ साली भातखंड्यांच्याच आखणीतून सुरू झाले, लखनौचे मॅरिस कॉलेज १९२६ साली.

आता आपल्या भागाकडे या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. सौंसर काय, पांढुर्णा काय, बोली तीच, सोयरिकी त्याच, बाजारहाट नागपूरचाच. मात्र शाळा-कॉलेज आणि परीक्षांची तोंडे फिरली. त्याच वर्षी, फेररचनेच्या काही दिवस आधी, खैरागढला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले होते. म्हणून आमच्यासारख्या घरात असे झाले, की नागपुरात शिकलेल्या आत्याची वही पलुस्करांच्या लिपीत आणि इकडे शिकलेल्या माझ्या पिढीची वही भातखंड्यांच्या. राज्याची सीमा घराच्या माळ्यावरच्या ट्रंकेतूनही गेली, असे म्हटले तरी चालेल.

गंमत अशी की दोन्ही लिप्यांतली चिन्हे पुष्कळ सारखी आहेत आणि अर्थ वेगळे. भातखंड्यांकडे स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, पायाशी टिंब म्हणजे मंद्र. पलुस्करांकडे डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला उभी रेघ. भातखंडे तीव्र मध्यमावर उभी रेघ देतात, म्हणजे तिथेही गफलतीला वाव. भातखंड्यांची सम गुणाकाराच्या फुलीने दाखवतात आणि खाली शून्याने. पलुस्करांची सम एक या आकड्याने, खाली मात्र अधिकाच्या चिन्हाने. हाताने घाईत लिहिलेली फुली आणि अधिक यांत फरक तो किती? पलुस्करांकडे स्वराखाली शून्य असेल तर तो अर्ध्या मात्रेचा, छोटी वाटीसारखी खूण असेल तर पाव मात्रेचा. भातखंड्यांच्या लिपीत तीच वाटी अनेक स्वरांना एका मात्रेत बांधते. आत्याची वही मी माझ्या अक्षरओळखीने वाचली, तेव्हा गाणे उलटे झाले नसते तरच नवल.

इथे संगणकाच्या भाषेचा थोडा इतिहास सांगायला हवा. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर, अमेरिकेचा प्रॉफेट-६०० आणि जपानचा ज्युपिटर-६, एका वायरने जोडून दाखवले. एकावर बोट ठेवले की दुसरा वाजे. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतलेली ही पद्धत म्हणजे मिडी. पुष्कळांना वाटते मिडी म्हणजे ध्वनिमुद्रण. तसे नाही. वायरीतून आवाज जातच नाही, जातात फक्त सूचना: कोणती पट्टी दाबली, किती जोराने, केव्हा सोडली. म्हणजे मिडी हीसुद्धा एक स्वरलिपीच, फक्त ती यंत्राने वाचायची. प्रत्येक पट्टीला ० ते १२७ मधला एक आकडा. मधल्या सप्तकाची पांढरी एक ही ६०, आपली काळी एक ६१. काळी एकचा षड्ज धरला तर मंद्र पंचम येतो ५६ वर आणि तार पंचम ८० वर. एका टिंबाच्या चुकीची किंमत अशी चोवीस पट्ट्या!

१९९१ साली वाद्यांचेही आकडे ठरले. त्या १२८ वाद्यांच्या यादीत सतारीला १०५ आणि सनईला ११२ हा क्रमांक मिळाला. तबला नाही, पखवाज नाही, आपली पेटी नाही. तालवाद्ये दहाव्या चॅनेलवर, आणि तिथे प्रत्येक पट्टी म्हणजे वेगळे वाद्य. खंजिरी नावाने नाही, पण ५४ क्रमांकावर तिची विलायती बहीण टॅम्बोरिन आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मराठीत आणि हिंदीत भजने रचली आणि खंजिरीवर म्हटली, आणि ती आपल्या सीमेवरच्या माणसाला दोन्हीकडून आपली वाटतात. त्या भजनाला नुसता सपाट ड्रम लावला तर जीव जातो. ५४ चांगली चालते.

पण पट्टीला आकडा मिळाला म्हणजे सूर मिळाला असे नाही, आणि हे भांडणही जुनेच आहे. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग असतात. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग मानले तर पेटीचा शुद्ध गंधार ४०० वर बसतो, तंबोऱ्यातून ऐकू येतो तो ३८६ च्या आसपास. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर १९१० साली पुस्तक लिहिले, आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची पेटी करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वाद रंगला. १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले, ते अर्धवट उघडायला तीस वर्षे लागली. माझे मत विचाराल तर भजनाला पेटी सोडवत नाही आणि सोडूही नये. मात्र संगणकाला तो चौदा भागांचा फरक सांगता येतो, मग का सांगू नये?

तर वही पुन्हा उघडली. या वेळी आधी लिपी ओळखली, मग मशीन. मी वापरतो तो म्यूझस्कोअर नावाचा प्रोग्रॅम मोफत मिळतो. पहिली अडचण, की-बोर्ड वाजवला तरी पडद्यावर स्वर उमटेनात. तो वायरीने आधी जोडायचा, चालू करायचा, मग प्रोग्रॅम उघडायचा आणि आत येणाऱ्या मिडी उपकरणांच्या यादीत त्याचे नाव निवडायचे, एवढेच होते. दुसरी, पट्टी दाबल्यावर आवाज क्षणभर उशिरा यायचा. संगणक आवाज लहान लहान घासांनी पुढे ढकलतो. एका घासात १०२४ नमुने असतील तर सेकंदाला ४४,१०० च्या हिशेबाने सुमारे २३ मिलिसेकंद जातात, १२८ केले तर तीनच. फार लहान केले तर मात्र आवाज तडतडतो, म्हणून जुन्या संगणकावर मधला आकडा बरा. गंधार हातानेच चौदा भाग उतरवला. आठ मात्रांचा भजनी ठेका सरळ लिहिला की कवायतीसारखा वाजतो. दुहेरी स्वरांतला पहिला किंचित लांब करण्याची सोय, तिला स्विंग म्हणतात, थोडी वापरल्यावर टाळकरी डोलावा तसा डौल आला. मींड मात्र नीट जमली नाही. ती मुलांना काकूंच्या तोंडूनच ऐकावी लागेल, म्हणून फोनवर त्यांचा आवाजही भरून घेतला.

वाजवून दाखवल्यावर काकू थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "हं, आता ओळखू येते. पण अंतऱ्याला एवढी घाई कायची?" लय दहाने कमी केली.

आत्याच्या वहीच्या पहिल्या पानावर आता पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: "लिपी पलुस्करांची. वरचे टिंब मंद्र." आपल्याकडेही अशा वह्या असतील. उतरवायला घेण्याआधी सम कशी दाखवली आहे तेवढे पाहा. एक आकडा असेल तर पलुस्कर, फुली असेल तर भातखंडे. आणि कोणाला लिपी लागत नसेल, तर वही घेऊन मंडपात या. संध्याकाळच्या आरतीनंतर मी तिथेच असतो.