दाण्यातली लाली

वेळापूरहून सांगोल्याची वाट धरली की ऊस विरळ होत जातो आणि हलक्या, मुरमाड रानात डाळिंबाच्या बागा दिसू लागतात. त्या फळाच्या लालीची कुळी शोधत गेलं, तर माग थेट मधुमेहाने पोखरलेल्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो.

चरकसंहितेत डाळिंब ‘दाडिम’ या नावाने हृद्य गणात, म्हणजे हृदयाला हितकर अशा दहा द्रव्यांत येतं. आपल्या घरांत त्याची साल वाळवून ठेवायची ती पोट बिघडलं तर. १९३६ साली पुण्यात गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात डॉ. चिमा यांनी आळंदी वाणातून मऊ बियांचं, गोड झाड निवडलं. त्याचाच पुढे ‘गणेश’ वाण झाला. दाणा मात्र फिकट गुलाबी. मग राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘गुल-ए-शाह रेड’ या रशियन वाणाशी त्याचा संकर केला आणि त्यातून मृदुला, आरक्ता, भगवा हे वाण आले. लाल दाणा हवा होता बाजाराला. पण ती लाली अँथोसायनिन या रंगद्रव्याची, आणि अँथोसायनिन हे अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारं द्रव्य. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी केलेल्या निवडीतून औषधी गुणही वाढला, हे मला फार मोलाचं वाटतं.

हा गुण मधुमेहात कामाचा का? रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना रक्तातली वाढलेली साखर अडवता येत नाही; ती आत शिरतच राहते. २००१ साली मधुमेहाचे संशोधक मायकेल ब्राउनली यांनी मांडलं, की त्या साखरेने पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं घातक रूप वाढतं आणि बिघाडांची साखळी तिथूनच सुरू होते. वाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू या सुपरऑक्साइडमुळे वाया जातो. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पाय यांना धोका तो इथून.

 २००५ साली, नायट्रिक ऑक्साइडवरच्या कामासाठी नोबेल मिळवलेले लुई इग्नॅरो आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवलं, की डाळिंबाच्या रसाने अस्तराच्या पेशींमधलं हा वायू बनवणारं विकर जोमाने चालतं. पुढच्या वर्षी इस्रायलमधल्या हैफाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या दहा रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिलिटर रस दिला. रक्तातली साखर वाढली नाही, ऑक्सिडीकरणाच्या खुणा घटल्या. दहाच रुग्ण, एवढ्यावर कुणी गोळ्या सोडू नयेत, हे ठासून सांगायला हवं.

पण डाळिंबातलं सर्वांत जोरकस अँटिऑक्सिडंट लालीतलं अँथोसायनिन नव्हे, तर प्युनिकॅलॅगिन; ते मुख्यतः सालीत आणि दाण्यांमधल्या पांढऱ्या पडद्यात असतं. अख्खं फळ दाबून काढलेल्या रसात ते उतरतं, सोललेल्या दाण्यांत फारसं नाही. शिवाय ते जसंच्या तसं रक्तात जात नाही. आतड्यातले जिवाणू त्यापासून युरोलिथिन ही रक्तात शोषली जाणारी संयुगं बनवतात. ते जिवाणू प्रत्येकाच्या पोटात नसतात, म्हणून एकाच बागेचं फळ एकाला लागू पडेल, तर दुसऱ्याला तेवढं नाही.