केसांची लावणी

माणसाने राज्ये गमावली, रत्नेही गमावली; पण डोक्यावरचे केस गमावताना तो जितका हळवा झाला तितका क्वचितच झाला असेल. रोमच्या सिनेटने ज्यूलियस सीझरला जे मान दिले, त्यांत लॉरेलच्या पानांचा मुकुट सदैव धारण करण्याचा मान त्याला विशेष प्रिय होता. कारण त्याने टक्कल झाकले जाई, असे स्वेटोनियस हा चरित्रकार लिहून गेला आहे. गॉल देश जिंकणाऱ्या वीराला स्वतःच्या कपाळावरची माघार मात्र थोपविता आली नाही!

गेलेले केस परत आणता येत नसतील, तर असलेल्यांचीच जागा बदलली तर? या विचाराचे मूळ कातडी हलविण्याच्या विद्येत आहे, आणि त्या विद्येशी आपल्या पुण्याचेही नाते आहे. कापलेल्या नाकाच्या जागी कपाळाची कातडी वळवून नवे नाक घडविल्याची पुण्याजवळची हकीकत 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापली आणि युरोपातील शस्त्रवैद्य थक्क झाले. पुढे अशा कामांत एक गंमत आढळली. कपाळाबरोबर केसांची कड आली, तर नव्या नाकावरही केस उगवत! कातडी परगावी नांदायला गेली, तरी माहेरचे वळण विसरत नाही.

या वळणाचा पद्धतशीर उपयोग केला जपानने. 1939 साली डॉ. शोजी ओकुदा यांनी केसांसकट कातडीच्या बारीक गोल चकत्या काढून, भाजल्याने किंवा व्रणांमुळे उजाड झालेल्या जागी त्या बसविल्याचे प्रसिद्ध केले. 1943 मध्ये डॉ. हाजिमे तामुरा यांनी त्याहून लहान, एकदोन केसांचे तुकडे वापरले. पण जगभर महायुद्ध पेटलेले. हे संशोधन पाश्चात्त्यांच्या नजरेस यावयास कित्येक वर्षे लागली.

मध्यंतरी न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1952 मध्ये स्वतंत्रपणे हा प्रयोग टक्कल पडलेल्या पुरुषावर केला, आणि 1959 साली त्यामागचे तत्त्व मांडले. पुरुषांच्या डोक्यावर मागचे व कानांवरचे केस बहुधा टिकतात. ते पुढे आणून लावले तरी आपला टिकाऊ गुण बरोबर आणतात. मात्र त्या काळच्या सुमारे चार मिलिमीटरच्या चकत्या डोक्यावर बाहुलीच्या केसांसारख्या झुपक्याझुपक्यांनी दिसत. 1988 पासून सूक्ष्मदर्शकाखाली केसांचे नैसर्गिक पुंजके वेगळे करून लावण्याची रीत रूढ होऊ लागली. 2002 मध्ये मागच्या कातडीची पट्टी न कापता एकेक पुंजका उचलण्याची पद्धत प्रसिद्ध झाली, आणि मग कुठे नजरेला न खटकणारे डोके शक्य झाले.

हत्यारे अशी बदलली, पण केसांनी आपले पंचांग बदललेले नाही. लावणीनंतर आठदहा दिवसांत खपल्या पडतात. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले बहुतेक केसही गळून जातात! इथेच पुष्कळांचे काळीज बसते. पैसा गेला, वेदना सोसल्या, आणि आरशात पुन्हा तेच टक्कल! पण कोकणातल्या शेतकऱ्याला विचारा. भाताचे रोप उपटून खाचरात लावले की काही दिवस ते पिवळे पडते, मान टाकते. म्हणून तो शेत मोडीत काढीत नाही. केसांचेही तसेच. वरची काडी गळते, मूळ कातडीत विसावलेले असते. तीनचार महिन्यांनी कोवळे, विरळ केस डोकावतात. सहा महिन्यांनी बदल जाणवू लागतो. आणि खरे पीक पाहायला वर्ष, क्वचित दीड वर्ष लागते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटरच वाढतो. त्याला घाई कशी करणार?

आणखी एक गोष्ट जाहिराती हळू आवाजात सांगतात. लावणीने नवे केस निर्माण होत नाहीत. मागच्या कोठारातले पुढे येतात, आणि ते कोठार मर्यादित असते. शिवाय आधीचे मूळचे केस गळण्याचे थांबत नाहीत. त्यामुळे विशीतल्या तरुणाने उतावळेपणाने सगळे धान्य एकदाच पेरले, तर चाळिशीत पुढे झुडूप आणि मागे माळरान अशी गत होऊ शकते.

उतावळ्या माणसाला फसविणे सोपे असते. अपुरे शिक्षण घेतलेल्यांनी थाटलेली दुकाने वाढली, तेव्हा 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला ही शस्त्रक्रिया कोणी करावी याविषयी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. तेव्हा घरातल्या कुणा तरुणाच्या मनात हा बेत असेल, तर त्याची थट्टा करू नका. वैद्याची पदवी व अनुभव पाहा, सुई प्रत्यक्ष कोण धरणार ते विचारा, आणि वर्षभर धीर धरायची तयारी आहे का, हे त्याला आधीच विचारून ठेवा.

आणि ज्याला हा खटाटोप नकोच असेल, त्याच्याही माथ्यावर नरकचतुर्दशीला तेल तितक्याच मायेने चोळले जाईल. उलट, ते थोडे लवकर जिरेल, एवढेच!