साचेखात्याचा दरवाजा

माझे आजोबा, आमचे आबा, पगाराचा विषय निघाला की म्हणायचे, ‘पगार कामाला नसतो, खात्याला असतो.’ ते मुंबईच्या गिरणीत रिंगखात्यात होते. चात्यांच्या रांगेसमोर उभं राहून तुटलेलं सूत सांधायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या वडिलांचंही तेच. मंडणगडच्या बाजूने बोटीने मुंबईला आलेली आमची महार माणसं गिरणीत लागायची ती रिंगखात्यात, नाहीतर झाडलोटीला आणि गासड्या उचलायला. कापड विणलं जायचं ते साचेखातं त्यांना बंद होतं. आणि जॉबर-मुकादम सोडले तर कामगारांत वरची कमाई असायची ती साचेवाल्याची. त्याला मापावर पैसे मिळत, जितकं कापड उतरेल तितके.

आजीला या फरकाचा हिशेब तोंडपाठ होता. नायगावच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत, तिने सगळा संसार केला. ती सांगायची, ‘साचेवाल्याच्या घरात महिनाअखेरीलाही तांदूळ असायचा गं. आपल्याकडं वीस तारखेपासून नाचणी.’ बायकांच्या वाट्याला रिळिंग आणि वाइंडिंग यायचं. तिथला पगार आणखी खाली.

साचेखातं बंद का, हे आबा हातवारे करून दाखवायचे. साच्यावर धोटा इकडून तिकडे धावतो. त्याच्या पोटात आडव्या सुताची कांडी असते. कांडी संपली की साचा थांबवायचा, नवी कांडी बसवायची आणि सुताचं टोक धोट्याच्या कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. बोटांनी ते होत नसे. भोकाला ओठ लावून श्वास आत ओढला की टोक बाहेर यायचं. तोच धोटा पुढच्या पाळीचा माणूस ओठांना लावणार. महाराच्या ओठांचा धोटा आपल्या ओठांना नको, असं सवर्ण विणकरांचं म्हणणं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने सूत ओढायच्या धोट्यावर १९११ मध्ये कायद्याने बंदी घातली, कारण त्यातून रोग पसरत होते. मुंबईत त्याच धोट्यावरून चर्चा झाली ती विटाळाची.

१९२८ च्या मोठ्या संपात आबा चौदा-पंधरा वर्षांचे होते. एका विणकराने दोनाऐवजी तीन साचे चालवावेत, असा मालकांचा बेत होता आणि त्यावरून महिनोन्‌महिने गिरण्या बंद राहिल्या. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत. त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं, की अस्पृश्य कामगारांना सगळी खाती खुली करा ही मागणी घेतली नाही, तर आपल्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगेन. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घेतली. मालकांचं उत्तर असं, की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. मला हे उत्तर अजूनही पटत नाही. भरती जॉबरच्या हाती सोपवली होती ती मालकांनीच. जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस घेणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आबांचे वडील त्या मागणीबद्दल घरी काय बोलले, हे मी आबांना एकदा विचारलं. ते म्हणाले, ‘बोलला काही नाही. पण त्या रात्री मला म्हणाला, तू शाळा सोडू नको.’ तरी शाळा सुटलीच. ती पुरी केली माझ्या बाबांनी. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सुरू केलेलं सिद्धार्थ कॉलेज सकाळी भरत असे, म्हणजे पोरांना दिवसा नोकरी करता यावी. बाबा पहाटे उठून फोर्टात जायचे आणि तिथूनच परस्पर कामावर. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, पुढे तिथे राखीव जागा आल्या आणि बाबा एका बँकेत क्लार्क झाले. घरात पहिल्यांदा पगाराबरोबर प्रॉव्हिडंट फंड, रजा, घरासाठी कर्ज हे शब्द आले.

धाकटे काका मात्र गिरणीत गेले, आणि गेले ते थेट साचेखात्यात. तोवर तो दरवाजा किलकिला झाला होता. आबा त्या दिवशी चाळभर पेढे वाटत फिरले, हे आजी नेहमी सांगायची. बाबांच्या बँकेच्या नोकरीला त्यांनी पेढे वाटले नव्हते. काकांचे हात चांगले होते. बोनस धरून काही वर्षं ते बाबांच्या बरोबरीने कमावत.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही. नुसता विरत गेला, आणि लाखाहून जास्त माणसं कामावर परत आलीच नाहीत. काका भिवंडीला यंत्रमागावर लागले. साचा तसाच, कसब तेच, कापडही तसंच. पण तिथे ना युनियन, ना फंड, ना भत्ता; बारा तासांची पाळी आणि हातात पूर्वीच्या निम्म्याहून कमी पैसे. आबांचं ते वाक्य मला खरं कळलं ते काकांना पाहून. कौशल्य जसंच्या तसं होतं. पगार गेला होता.

त्याच सुमाराला पगाराची खाती दुसरीकडे उघडत होती. १९८१ मध्ये पुण्यात सात जणांनी इन्फोसिस सुरू केली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. ज्याला फी परवडली, त्याचा मुलगा त्या कॉलेजातून संगणकाकडे आणि तिथून डॉलरमध्ये बिल होणाऱ्या कामाकडे गेला. काकांचा मुलगा माझ्याच वयाचा; गणितात माझ्यापेक्षा हुशार. त्याच वर्षांत त्याचं घर भिवंडीच्या मजुरीवर चालत होतं. तो आयटीआयला गेला.

आज लोअर परळला गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेची ऑफिसं आहेत. गिरणी कामगारांची कितीतरी नातवंडं तिथे जातात; कुणी कंपनीच्या पगारपत्रकावर, तर कुणी कंत्राटदाराकडून दारावरचा रखवालदार म्हणून. इमारत एकच असते.

माझी भाची बारावीला आहे. ‘मावशी, कुठल्या लाइनला जास्त पगार आहे?’ असं ती विचारते. मी तिला माहीत आहेत ती नावं सांगते : संगणक, डेटा, वैद्यकीय, सनदी लेखापाल. आणि तिला आणखी तीन गोष्टी शोधून यायला सांगते. त्या लाइनच्या दाराशी फी किती, आत गेलेल्यांत आपल्यासारख्या घरातले किती आणि काम गेलं तर पाठीशी कोण उभं राहतं. वर्तमानपत्रांतल्या पॅकेजच्या बातम्यांत ही उत्तरं सापडत नाहीत, म्हणून ती माणसांना विचारावी लागतात.

तुमच्या घरी कुणी गिरणीत, बंदरात, रेल्वेत, बँकेत राबलं असेल आणि ते माणूस अजून हयात असेल, तर त्यांचा पगार विचाराच. पण त्याआधी कुठल्या खात्यात होते, तिथे कोणी लावलं आणि कुठल्या खात्यात जाता आलं नाही, हे विचारा. लिहून ठेवा, आणि घरातल्या बारावीच्या मुलांना वाचायला द्या.