श्रावणानंतरची क्वार्टर

गटारीला बसलेली मंडळी पुष्कळदा थेट अनंत चतुर्दशीनंतर पुन्हा बसतात. मध्ये सुमारे सहा आठवडे कोरडे. मग 'आज लवकर चढली' अशी कुरकुर होते आणि दोष मालाला दिला जातो.

माल बहुधा निर्दोष असतो. ४२.८ टक्के अल्कोहोलच्या १८० मिलि क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. साठ किलोच्या पुरुषाने ती रिकाम्या पोटी भराभर संपवली, तर रक्तात १०० मिलिमागे १५० मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल साठते. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ३० आहे. आषाढात काय, भाद्रपदात काय, हा आकडा फारसा हलत नाही. हलते ते त्याला मेंदूने दिलेले उत्तर.

अल्कोहोल मेंदूतल्या 'गाबा' या शामक यंत्रणेला जोर देते आणि ग्लुटामेटच्या उत्तेजक यंत्रणेला दाबते. रोजच्या पिण्यात मेंदू उलटा तोल धरतो: गाबाला कमी दाद देतो, ग्लुटामेटचे ग्राही वाढवतो. ज्याला आपण कौतुकाने 'कपॅसिटी' म्हणतो ती बव्हंशी हीच. खंड पडला की हा तोल काही आठवड्यांत ओसरतो. यकृताचा वाटा त्या मानाने लहान. नियमित पिण्याने तिथले सीवायपी२ई१ हे विकर वाढून दारूचा निचरा वेगाने होतो, पण पिणे थांबल्यावर ते लवकर उतरते.

कपॅसिटीचा तिसरा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. सवयीची जागा, तोच ग्लास, तेच दोस्त दिसताच शरीर आधीच तयारीला लागते. उंदरांवरच्या प्रयोगांत, अल्कोहोलने शरीराचे तापमान घटण्याविरुद्धची सहनशीलता ओळखीच्या खोलीत दिसली, अनोळखी जागी कमी झाली. नुसत्या खंडाने ही शिकवण पुसली जाईलच असे नाही. त्यामुळे जुन्या अड्ड्यावर निभावलेली क्वार्टर परगावच्या लग्नात आडवी करू शकते.

हाताला मात्र जुनेच माप आठवते, खरा धोका तिथे. शिवाय कपॅसिटी वाढल्याने पाय लटपटत नाहीत एवढेच. श्वास बंद पाडणारी मात्रा त्या प्रमाणात वर सरकत नाही.

खंड संपून पिणे पुन्हा नियमित झाले, तर सहनशीलता पहिल्यापेक्षा लवकर परतते. रोज भरपूर पिणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याने अचानक सोडली, तर मोकाट सुटलेल्या ग्लुटामेटमुळे पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रमही होऊ शकतो. सोडणे आणि धरणे वारंवार झाले, तर हा त्रास दर खेपेला वाढत जाऊ शकतो. अशा माणसाने श्रावण डॉक्टरांना विचारूनच धरावा.