वल्ही ठेवा बाजूला: मोटरबोटीची गोष्ट

 

आज आपण बोटीची गोष्ट ऐकणार आहोत. मासेमारीच्या बोटीची नाही, जहाजाची नाही. हौसेनं पाण्यावर फिरायला नेतात ना, त्या छोट्या मोटरबोटीची. धरणावर, तारकर्लीला आपण ती पाहिलेली असते. तुम्ही म्हणाल, श्रीमंतांच्या मौजेची वस्तू, तिचं आम्हाला काय? पण पुराच्या वेळी दाराशी येते ती हीच बोट. खाडीत जाळं टाकायला जाणाऱ्या छोट्या होडीच्या मागं लावलेलं असतं ते हेच यंत्र. मौजेसाठी झालेल्या सुधारणा पुढं पोटासाठी आणि जीव वाचवण्यासाठी कामाला आल्या. म्हणून ही गोष्ट आपलीही आहे.

ती सुरू होते अमेरिकेत, विस्कॉन्सिन नावाच्या राज्यात. तिथं तळीच तळी. नॉर्वे देशातून आलेलं एक शेतकरी कुटुंब तिथं राहायचं. त्यांच्या मुलाचं नाव ओले एव्हिनरूड, जन्म १८७७ चा. नाव ओले आणि पुढं सगळं आयुष्य पाण्याशी जोडलेलं, गंमतच आहे. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण यंत्रात हात भारी. मिलवॉकी शहरात तो कारखान्यांतून काम शिकला आणि स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं. पत्रव्यवहार आणि हिशेब मात्र त्याला जमत नसे. ते सांभाळायला आली बेस केरी. व्यापाराचं शिक्षण घेणारी, हुशार मुलगी. १९०६ साली दोघांनी लग्न केलं.

असं सांगतात, की एकदा उन्हाळ्यात सगळे तळ्याकाठी सहलीला गेले होते. बेसला आइस्क्रीम खावंसं वाटलं. ओले वल्ही मारत पलीकडच्या काठाला गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालं. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, की होडीला मागून अडकवता येईल आणि काम झालं की काढून घरी नेता येईल, अशी मोटर का असू नये?

अशी मोटर करणारा तो पहिलाच नव्हता. कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या माणसानं त्याच्या थोडं आधी अशा मोटरी विकायला सुरुवात केली होती. पण ओलेनं यंत्राची मांडणी बदलली. सिलिंडर आडवा ठेवला, फिरणारा दांडा उभा ठेवला आणि त्याच्या डोक्यावर जड चाक बसवलं. खाली पाण्यात दातेरी चक्रं दिली, म्हणजे उभ्या दांड्याचं फिरणं आडवं होऊन पंख्याला मिळतं. आपल्या हातरवीला कसं, वर मूठ फिरवली की खाली पाती फिरतात, तसा काहीसा प्रकार. ही मांडणी इतकी सोयीची ठरली, की आजही होडीच्या मागं लावायच्या मोटरींचा सांगाडा साधारण तसाच असतो. असल्या मोटरीला आउटबोर्ड म्हणतात, कारण ती बोटीच्या बाहेर असते.

बेसनं ते यंत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कॉफी दळायच्या यंत्रासारखं दिसतं, असं ती म्हणाली, ही आठवण प्रसिद्ध आहे. पण ते विकायचं कसं, हे तिलाच कळलं. १९०९ साली विक्री सुरू झाली. दीड अश्वशक्तीची मोटर, वजन ६२ पौंड, म्हणजे साधारण २८ किलो, आणि किंमत ६२ डॉलर. जाहिरात बेसनं लिहिली. वल्हवत बसू नका, वल्ही फेकून द्या आणि ही मोटर लावा, असा तिचा अर्थ. यंत्रात काय काय बसवलंय हे तिनं सांगितलं नाही. तुमचे दुखणारे खांदे कसे सुटतील, हे सांगितलं. पत्रांचे ढीग येऊ लागले. उत्तरं ती देत होती, हिशेब ती ठेवत होती, कर्जाची आणि मालाची सांगड ती घालत होती. नवरा वर्कशॉपमध्ये आणि बायको कचेरीत, असा तो धंदा.

त्या जाहिराती न्यूयॉर्कच्या एका निर्यातदाराच्या नजरेला पडल्या आणि मोटरी समुद्रापार नॉर्वे-डेन्मार्ककडं जाऊ लागल्या. तिथं त्या घेतल्या कोणी? कोळ्यांनी. बघा बरं, सहलीच्या हौसेतून निघालेली वस्तू चार-पाच वर्षांतच मासेमारांच्या पोटापाण्याला लागली.

कामाच्या ओझ्यानं बेसची तब्येत ढासळली. तेव्हा ओलेनं धंद्यातला आपला वाटा भागीदाराला विकला आणि पाच वर्षं याच धंद्यात उतरणार नाही, असं लिहून दिलं. घर आणि प्रवास यात ती वर्षं गेली. पण हात स्वस्थ बसेना. त्यानं नवी मोटर आखली. दोन सिलिंडरची आणि लोखंडाऐवजी बरीचशी ॲल्युमिनियमची. ताकद ३ अश्वशक्ती, म्हणजे पहिलीच्या दुप्पट, आणि वजन ४८ पौंड, म्हणजे २२ किलोच्या आत. ताकद वाढली आणि ओझं कमी झालं. जुन्या भागीदाराला दाखवली, त्यानं नको म्हटलं. मग नवराबायकोनं नवी कंपनी काढली, एल्टो नावाची. कचेरी पुन्हा बेसच्या हातात. ही हलकी मोटर इतकी चालली, की १९२९ मध्ये जुनी एव्हिनरूड कंपनी आणि एल्टो एकत्र झाल्या. बेस १९३३ मध्ये गेली, ओले १९३४ मध्ये. त्यांच्या नावाच्या मोटरी पुढं २०२० पर्यंत बाजारात येत राहिल्या.

इतिहासाच्या पुस्तकात मोटर शोधणारा म्हणून ओलेचं नाव असतं. बेसचं नाव आलं तर आइस्क्रीमच्या किश्श्यात येतं. पण हिशेबाची वही, पत्रं, जाहिरात आणि बाजार हे सगळं तिनं उभं केलं नसतं, तर ती मोटर एका वर्कशॉपच्या कोपऱ्यात राहिली असती. पापड कोण लाटतं, हे जसं मोजायचं असतं, तसं पापड विकायला कोण जातं, वही कोण लिहितं, हेही मोजायचं असतं.

आता मोटरीकडून बोटीकडं येऊ.

मोटरीची ताकद वाढत गेली तशी बोट वेगानं पळू लागली आणि नवी अडचण आली. वेगाच्या बोटींचा तळ मागच्या बाजूला जवळजवळ सपाट असायचा. शांत पाण्यात सपाट तळ झकास पळतो. लाटांवर मात्र दणादण आपटतो. घरी करून बघा. परातीचं सपाट बूड पाण्यावर आपटा, हाताला झिणझिण्या येतील. तीच परात काठावर उभी धरून घाला, पाणी कापत आत जाईल.

हीच गोष्ट रे हंट नावाच्या अमेरिकी आखणीकारानं बोटीत आणली. त्यानं तळाला खोल निमुळता आकार दिला, इंग्रजी व्ही अक्षरासारखा, आणि तो पुढच्या टोकापासून थेट मागच्या टोकापर्यंत तसाच ठेवला. तळाला लांबट पट्ट्या दिल्या, त्या वेगात बोटीला वर उचलून धरतात. १९६० साली मायामी ते नासाऊ अशी समुद्रातली शर्यत होती. दर्या खवळलेला. रिचर्ड बर्ट्राम यांनी हंटच्या आखणीची ३० फुटी लाकडी बोट आणली होती. तिचं नाव मॉपी, बर्ट्राम यांच्या पत्नीचं लाडाचं नाव. ती आठ तासांत पोचली. दुसरी आली ती दोनेक तासांनी, आणि तीही हंटच्याच आखणीची. तिसरी बोट यायला दुसरा दिवस उजाडला. त्यानंतर खोल व्ही तळ जगभर पसरला. समुद्रात वेगानं जाणाऱ्या अनेक बोटींचा तळ आज त्याच घराण्यातला असतो.

दुसरा बदल झाला तो कशापासून बोट करायची यात. पूर्वी फळ्या जोडून बोट व्हायची. सांधे बुजवायचे, दरवर्षी डागडुजी करायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून काचेच्या धाग्यांची चटई आणि चिकट रसायन यांचे थर देऊन बोटी होऊ लागल्या. आपण तिला फायबरची बोट म्हणतो. जुन्या टोपलीवर कागदाचा लगदा थापून, वाळवून नवं भांडं करायची आपल्याकडं रीत होती ना, पद्धत तशीच. एकदा साचा तयार झाला, की गणपतीच्या मूर्तींसारख्या एकासारख्या एक बोटी काढता येतात. त्यामुळं बोटी आवाक्यात आल्या. ना कुजत, ना वाळवी लागत. आज कोकणातल्या कित्येक छोट्या होड्याही फायबरच्याच आहेत.

तिसरा बदल मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. बोट बुडते का? तिच्या पोकळीत पाणी शिरतं म्हणून. घागर उपडी धरली तर तरंगते, आडवी होऊन पाणी शिरलं की तळाला जाते. मग पोकळीच ठेवली नाही तर? बोस्टनजवळच्या रिचर्ड फिशर यांनी फायबरचे दोन पापुद्रे घेतले आणि त्यांच्यामध्ये फेस ओतला. फेस फुगून घट्ट झाला. त्यात लाखो बारीक बुडबुडे, प्रत्येक बुडबुडा बंद, एक फुटला तरी शेजारचा शाबूत. आपल्याकडं पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा बांधतात, नदी ओलांडायला भोपळ्यांची सांगड करत. तसे लाखो भोपळे बोटीच्या अंगातच बसवले म्हणा. हंटनं आखलेली ही साधारण १३ फुटी बोट १९५८ मध्ये बोस्टन व्हेलर नावानं बाजारात आली. १९६१ साली लाइफ मासिकात तिचे फोटो आले. पाण्यावर तरंगणाऱ्या बोटीत फिशर बसलेले आणि बोट करवतीनं मधोमध कापली जात आहे. दोन तुकडे झाले तरी बुडाली नाही. मोटर असलेला अर्धा तुकडा घेऊन फिशर निघून गेले.

मैत्रिणींनो, एका कंपनीनं जाहिरातीसाठी केलेली करामत म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण अमेरिकेत १९७१ मध्ये बोटींच्या सुरक्षेचा कायदा झाला. पुढं त्याखालच्या नियमांनी सांगितलं, की २० फुटांच्या आतल्या बहुतेक साध्या मोटरबोटी पाण्यानं भरल्या तरी तरंगत राहिल्या पाहिजेत, आणि किती माणसं, किती वजन बसवायचं याची पाटी बोटीवर ठोकलेली पाहिजे. एप्रिल २०२१ पासून तिथं आणखी एक सक्ती आली. २६ फुटांच्या आतली वेगाची बोट चालवणाऱ्यानं इंजिन बंद करणारी दोरी स्वतःच्या अंगाला अडकवायची. तो पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन थांबतं. साधी दोरी, पण फिरत्या पंख्यापासून जीव वाचतो.

आता आपल्याकडं पाहू. ८ ऑगस्ट २०१९, सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ. महापुरातून लोकांना बाहेर काढताना बोट उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. बायका गेल्या, लेकरं गेली. २१ मे २०२४, उजनी धरण. कुगाववरून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. जगात बोट न बुडण्याची युक्ती सापडून साठ वर्षं उलटली होती. ज्ञान होतं, पण ते आपल्या काठापर्यंत आलं नव्हतं.

मोटर आली म्हणून वल्हं वाया गेलं असंही नाही. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना कांदळवन दाखवायला नेतात, वल्ही मारत. मोटरीच्या आवाजानं पक्षी उडून जातात. जुन्या टू-स्ट्रोक मोटरीत तेल पेट्रोलातच मिसळलेलं असतं, आणि न जळलेलं इंधन धुराबरोबर पाण्यात जातं. कांदळवनात मासळीची पिल्लं वाढतात, तिथं वल्हंच बरं. वेगाचं काम मोटरीला द्यावं आणि शांततेचं वल्ह्याला.

पुढच्या बैठकीत एवढं बोला. आपल्या गावात किंवा शेजारच्या धरणावर बोट आहे का? तिच्यावर किती माणसं बसवायची हे लिहिलंय का? नसेल तर ग्रामसभेत मागणी करा. लाइफ जॅकेट मोजा, जितकी माणसं तितकी हवीत, लेकरांच्या मापाचीही हवीत. ती बोटीच्या कोपऱ्यात ढीग लावून उपयोग नाही, बसण्याआधी अंगात घालायची आणि पट्टे आवळायचे. साडीवरून घालायला लाजू नका. नावाडी म्हणाला, काही होत नाही, या अजून चार जणी, तर तुम्ही चौघी काठावर थांबा. पुढच्या फेरीला जा. त्यानं अर्धा तास जाईल, बाकी सगळं जागच्या जागी राहील.